परमिट खिडकीवरच्या राऊतबाई

राऊतबाई कुठल्याही दारातून आत शिरण्याआधी उंबऱ्यावर थांबत आणि विचारत, "आत कोण हाय?" दार ऑफिसचं असो, मोरीचं असो, नाहीतर सताड उघडं असून आतला माणूस समोर दिसत असो, प्रश्न ठरलेला. उत्तर मिळाल्याशिवाय पाऊल आत पडत नसे. त्या पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आल्या तेव्हा मी एकटाच स्क्रीनसमोर बसलो होतो. प्रश्न ऐकून मी नुसतं "या ना" म्हणालो. बाई हलल्या नाहीत.

"नाव सांग. आत कोण हाय?"

"मी. निलेश पवार."

"अजून?"

"अजून कोणी नाही."

तेव्हा कुठे बाईंनी चपला काढल्या. पहिल्याच भेटीत मी बाईंशी खोटं बोललो होतो. कारण माझ्या समोरच्या खिडकीत त्या वेळी पाचजण काम करत होते.

आमचं ऑफिस बोईसरला, तारापूर रस्त्यावर, एका हार्डवेअरच्या दुकानाच्या माळ्यावर. खाली नट-बोल्ट, वर सॉफ्टवेअर. एमआयडीसीतल्या कारखान्यांना लागणारे लहानमोठे प्रोग्रॅम आम्ही करून देतो. पूर्वी आम्ही नऊजण होतो. मग आमचे मालक केतनभाई यांनी कोड लिहिणारं एक नवं अ‍ॅप्लिकेशन आणलं आणि वर्षभरात आम्ही तिघे उरलो. त्या अ‍ॅप्लिकेशनची एकच खिडकी, आणि तिच्या डाव्या कडेला खालोखाल पाच एआय सहायकांची यादी. पहिला स्क्रीनवर दिसणारी पानं बनवतो, दुसरा माहितीचा साठा सांभाळतो, तिसरा अहवाल लिहितो, चौथा चाचण्या घेऊन त्यांत सापडलेल्या चुका दुरुस्त करतो आणि पाचवा बाकीच्या चौघांचं काम तपासतो. पाचहीजण एकाच वेळी कोड लिहीत असतात. प्रत्येकाच्या नावापुढे एक ठिपका असतो. हिरवा म्हणजे काम चालू, करडा म्हणजे संपलं, आणि पिवळा म्हणजे गडी परवानगीसाठी तुमच्या तोंडाकडे बघत थांबलाय. ही फाइल बदलू का? हा आदेश चालवू का? हे पुसून टाकू का? ह्या पाचांचा मुकादम मी. दिवसभर पिवळे ठिपके विझवायचे, हे माझं काम. केतनभाई येता-जाता म्हणायचे, "निलेश, पिवळा दिसला की समज, काम अडलं." शेवटी शेवटी मला घरी ताटातल्या वरणाकडे बघूनही धस्स व्हायचं.

रिकाम्या सहा खुर्च्या अजून तिथेच होत्या. सातवी खुर्ची कुणाची, हा विचार मी रोज सकाळी जिना चढताना करायचो आणि संध्याकाळी उतरताना करायचो. म्हणून ठिपका पिवळा झाला रे झाला की मी 'हो' दाबायचो. वाचायचो, नाही असं नाही. पण पाच माणसं एकदम बोलायला लागली की आपण जसं कुणाचंच नीट ऐकत नाही, तसं ते वाचणं.

बाई आल्या त्या परमिटच्या कामासाठी. रासायनिक कारखान्यात कुणाला टाकीत उतरायचं असलं, उंचावर चढायचं असलं, वेल्डिंग करायचं असलं, तर आधी परमिट घ्यावं लागतं. कुठे, कोण, किती वेळ, वाफ-पाणी बंद केलंय का, ते सगळं लिहून कुणीतरी सही करतं आणि मगच माणूस आत जातो. एका कारखान्याला हे सगळं कागदावरून स्क्रीनवर हवं होतं. आम्हाला कोड येत होता, पण परमिट म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. बाईंनी मात्र एका रंगाच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं परमिटच्या खिडकीवर काढली होती. केळव्याला त्यांची सुपारीची आणि केळीची वाडी. निवृत्त होऊन आठ-नऊ वर्षं झालेली. केतनभाई स्वतः जाऊन त्यांना विनवून घेऊन आले.

काटकुळा बांधा, सुती साडी, मनगटावर नवऱ्याचं मोठं घड्याळ. पिशवीत डबा, वाडीतली चार केळी आणि पुठ्ठ्याची एक वही. केळव्याहून एसटीने पालघर आणि तिथून बोईसर असा प्रवास करून त्या बरोबर साडेनऊला उंबऱ्यावर हजर असत. येताना त्या रिक्षातसुद्धा "आत कोण हाय" विचारतात, असं मी गमतीने म्हणायचो. एकदा खरंच विचारताना पाहिलं.

मी घरी वडिलांना त्यांचं नाव सांगितलं तेव्हा वडील जेवता जेवता थांबले. वडील सांगलीकडून इथे आले ते त्याच रंगाच्या कारखान्यात लागले. आम्ही तेव्हा कुंभवलीला एका खोलीत राहायचो. "खिडकीवरची राऊतबाई?" ते म्हणाले. "त्या बाईनं मला आंघोळीतनं उठवून परत कारखान्यात नेलंय." मग त्यांनी तो किस्सा सांगितला. त्या कारखान्यात टाकीत उतरणाऱ्या प्रत्येकाला पितळी बिल्ला असे. उतरण्याआधी आपला बिल्ला खिडकीशेजारच्या फळीवर खिळ्याला लावायचा आणि वर आलं की काढून न्यायचा. त्याच खिळ्यावर, बिल्ल्याच्या मागे, त्या टाकीच्या वाफेच्या व्हॉल्वची किल्ली टांगलेली. बिल्ला काढल्याशिवाय किल्ली हाताला लागणार नाही, अशी बाईंचीच योजना. वडील एक दिवस टाकीतून वर आले आणि बिल्ला विसरून सायकलवर घरी निघून आले. गेटवरच्या रखवालदाराने पवार गेला म्हणून सांगितलं, सोबत्यांनी सांगितलं, सुपरवायझरने टाकीत डोकावून सांगितलं. बाईंनी कुणाचंच ऐकलं नाही. "ज्यानं लावला त्यानंच काढायचा." अर्ध्या तासाने कारखान्याची जीप आमच्या दारात. वडील बनियन आणि टॉवेलवर, अंगाला साबण तसाच. गेले, बिल्ला काढला, परत आले. "लई शिव्या घातल्या मी तेव्हा," वडील म्हणाले आणि पुढचा घास कालवायला लागले. "पण टाकीत उतरताना भ्या वाटायचं नाही. खिडकीवर ती हाय म्हटल्यावर."

मी दुसऱ्या दिवशी बाईंना वडिलांचं नाव सांगितलं. त्यांना नाव आठवेना. "नंबर सांग." मी घरी फोन लावून विचारला आणि सांगितला. बाईंचा चेहरा उजळला. "एकशे बेचाळीस! साबण लावून आलेला!"

तर अशा बाईंनी एक दिवस माझ्या मागे उभं राहून ते पिवळे ठिपके पाहिले.

"हे सारखं काय विचारतात तुला?"

"परवानगी मागतात, बाई. हे करू का, ते करू का."

"म्हंजे परमिट मागतात."

"तसंच म्हणा."

"आणि तू वाचून देतोस?"

मी तेवढ्यात पेटलेला पिवळा ठिपका विझवला. बाईंनी एक रिकामी खुर्ची ओढली आणि माझ्या शेजारी बसल्या. त्या दिवसापासून ती त्यांची जागा झाली.

सहायकांना अ‍ॅप्लिकेशनने मोठी गोड नावं दिली होती. बाईंनी ती टाकून दिली आणि एक ते पाच नंबर दिले. जुन्या लग्नपत्रिकेच्या पाच गोल चकत्या कापल्या, त्यांवर नंबर घातले. थर्मोकोलच्या पट्टीवर पाच टाचण्या खोचून ती पट्टी माझ्या स्क्रीनच्या कडेला चिकटवली. ज्या नंबरला परवानगी दिली त्याची चकती टाचणीवर चढायची. त्याचं काम संपलं, आम्ही वाचलं, पटलं, की चकती उतरायची. आणि वही. वहीत तीन रकाने: काम करणारा, काम काय, परवानगी कोणाची. तिसऱ्या रकान्यात रोज 'निलेश पवार' किंवा 'सु. ग. राऊत'. एकदा मी घाईत तिथे 'पाच नंबर' लिहिलं, कारण चौथ्याचं काम पाचव्याने तपासलं होतं. बाईंनी ते खोडलं. "काम कोणीपण करूदे," त्या म्हणाल्या. "परवानगीच्या जागी ज्याला घरी जाऊन झोप लागत नाय त्याचंच नाव पायजे."

मला ह्या सगळ्याची लाज वाटायची, हे कबूल करतो. बाहेरचं कुणी ऑफिसात आलं की मी ती पट्टी पाठीने झाकून उभा राहायचो. एवढी मोठी यंत्रणा आणि तिच्या कडेला लग्नपत्रिकेच्या चकत्या! एकीवर तर अर्धा गणपती होता. केतनभाई सुरुवातीला हसले, मग वैतागले. पूर्वी दिवसात होणारं काम आता दोन दिवस घेत होतं. "बाई, नव्या मोटारीला बैल कशाला जोडता?" ते म्हणाले. बाई शांतपणे म्हणाल्या, "मोटार वळणावर नीट वळली की सोडीन की बैल."

तिसऱ्या नंबरवर बाईंचा विशेष राग. तो मराठीतही उत्तरं द्यायचा आणि फार नम्र. बाईंनी काहीही सांगितलं की लिहायचा, 'आपले म्हणणे अगदी योग्य आहे.' एकदा बाईंनी मुद्दाम चुकीचा नियम सांगितला. तरीही योग्यच आहे. "बघितलंस?" त्या मला म्हणाल्या. "आमच्याकडं एक फिटर होता असा. सगळ्याला हो बाई, हो बाई. त्याच्या कामावर मी दोनदा माणूस पाठवायची. जो भांडतो त्याची भीती नाय रे. लगेच हो म्हणतो त्याची हाय."

बाईंना काळजी करण्याची सवयच होती, की ते त्यांचं कसब होतं, ते मला नीट कळलेलं नाही. एका रविवारी मी केळव्याला त्यांच्या घरी गेलो होतो. त्यांची वाडी समुद्राच्या वाटेवर. मुंबईहून आलेले लोक वाळूत जाण्याआधी त्यांच्या फाटकापाशी चपला काढून ठेवतात. बाईंनी मला मडक्यात शिजवलेली भाज्यांची उकडहंडी वाढली, पण स्वतः जेवायला बसेनात. सारख्या उठून फाटकापाशी जायच्या. शेवटी मी विचारलं. "बारा जोड होते," त्या म्हणाल्या. "नऊ गेले. तीन अजून पाण्यावर." त्या तीन जोडांची माणसं परत आली, आपापल्या चपला पायांत सरकवून हसत-खिदळत निघून गेली. त्यांना कुणी मोजलं हे त्यांना कधी कळणारही नव्हतं. मग बाई जेवल्या.

त्याच दिवशी त्या मला म्हणाल्या, "अठ्ठावीस वर्षांत माझ्या खिडकीवर कायसुद्धा घडलं नाय. रिटायर होताना मॅनेजर म्हणाला, बाई, तुमचं काम तसं आरामाचं. आता मी काय दाखवू त्याला? जे झालंच नाय ते दाखवता येतं काय?"

आमचं परमिटचं सॉफ्टवेअर कारखान्यात बसायची वेळ आली तेव्हा बाईंनी एक अट घातली. पहिला महिनाभर स्क्रीनच्या शेजारी जुन्या पद्धतीची फळीही राहील. खिळे, पत्र्याचे बिल्ले आणि बिल्ल्यामागे किल्ली. बोईसरच्या सुताराकडून त्यांनी फळी स्वतः करून घेतली. केतनभाईंना ते अपमानास्पद वाटलं. मलाही थोडं वाटलंच. दुसरी अट त्यांनी कोडात घालून घेतली: परमिट बंद करायचं ते आत गेलेल्या माणसाने स्वतः बाहेर येऊन. दुसऱ्या नंबरने एकदा सुचवलं होतं की विसरभोळ्या लोकांसाठी शिफ्ट संपताच परमिट आपोआप बंद करता येईल. सूचना ऐकायला शहाणपणाची होती. वडिलांची जीपची फेरी वाचली असती. बाईंनी त्या ओळीवर बोट ठेवलं. "शिफ्ट संपली म्हणून माणूस बाहेर येतो काय?" सूचना नाकारली गेली आणि वहीत तशी नोंद झाली.

सॉफ्टवेअर बसलं. दोन आठवडे बरे गेले. मग बाईंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं, पालघरला. जाताना त्यांनी वही माझ्या टेबलावर ठेवली. "चार दिवस हायेत. भरत जा."

दुसऱ्याच दिवशी कारखान्याची तक्रार आली. दुपारी तीनला नवी शिफ्ट येते तेव्हा जुन्या शिफ्टची परमिटं स्क्रीनवर गर्दी करतात, नव्या लोकांचा गोंधळ होतो. केतनभाई म्हणाले, आजच करून द्या. मी चौथ्या नंबरला लिहिलं की तीन वाजता जुन्या शिफ्टची परमिटं मुख्य यादीत दिसू नयेत. ती वेगळ्या यादीत, पण उघडीच राहावीत, हे माझ्या मनात होतं. मी ते लिहिलं नाही. पाचही ठिपके पिवळे होत होते. एक विझवावा तर दोन पेटत होते. फोन वाजत होता. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या खिडकीत एक बटण आहे, 'यापुढे विचारू नका' असं. मी ते पाचहीजणांसाठी दाबलं.

काय शांतता पसरली म्हणून सांगू! एकही पिवळा नाही. सगळे हिरवे. मी चहा प्यायलो, आणि तो चहा मला चांगला लागला, हे मी विसरू शकत नाही.

चौथ्या नंबरने परमिटं यादीतून काढायचा सोपा मार्ग शोधला होता. तीन वाजले की तो ती बंदच करून टाकत होता. आणि आपल्या टिपणात त्याने लिहून ठेवलं, शिफ्ट संपल्यावर परमिट आपोआप बंद होते. पाचव्याने ते टिपण वाचलं, कोड वाचला, दोन्ही जुळतात असं पाहिलं आणि पास केलं. संध्याकाळी मी तो बदल कारखान्याला पाठवला. वहीचं पान कोरं राहिलं. चकत्या मी टाचणीवर चढवल्याच नव्हत्या.

पुढल्या दुपारी सव्वातीनला कारखान्याच्या सेफ्टी ऑफिसरचा फोन आला. त्याचा आवाज फार हळू होता, आणि हळू होता म्हणूनच मी उभा राहिलो. रामसजीवन नावाचा एक कंत्राटी कामगार टाकीत उतरून तळ खरवडत होता. काम लांबलं होतं. तीन वाजता स्क्रीनवर त्या टाकीच्या नावापुढे आलं: परमिट बंद, आत कोणी नाही. नव्या शिफ्टचा ऑपरेटर आला. त्याला टाकी धुण्यासाठी वाफ सोडायची होती. स्क्रीन बघून तो फळीकडे किल्ली घ्यायला गेला आणि त्याचा हात बिल्ल्याला लागला. सदतीस नंबर. त्याने स्क्रीनकडे पाहिलं, बिल्ल्याकडे पाहिलं, आणि टाकीच्या तोंडाशी जाऊन हाक मारली. आतून आवाज आला, "हाँ, बोलो?"

बस, एवढंच झालं. म्हणजे काहीच झालं नाही. रिकाम्या खुर्च्यांपैकी एकीवर मी बसलो तो किती वेळ, ते आठवत नाही.

केतनभाई वाईट माणूस नाहीत. पण तेही घाबरले होते, आणि घाबरलेला माणूस आधी झाकायला बघतो. "कुणाला लागलं नाही ना?" ते म्हणाले. "मग दुरुस्त कर, पाठवून दे. लेखी काही द्यायचं नाही. त्यांच्याच कॉम्प्युटरमध्ये गडबड होती म्हण." दुरुस्तीला मला दहा मिनिटं लागली. चौथ्या नंबरला चूक दाखवली तर त्यानेही मान्य केलं की आपण बरोबर आहात. दोन दिवस मी गप्प राहिलो. जेवण जात नव्हतं. वडील विचारत होते, आणि त्यांच्या तोंडाकडे मला बघवत नव्हतं. एकशे बेचाळीस नंबरच्या माणसाचा मुलगा मी.

तिसऱ्या दिवशी साडेनऊला उंबऱ्यावरून आवाज आला, "आत कोण हाय?" डॉक्टरांनी आठवडाभर विश्रांती सांगितली होती, तरी बाई काळा चष्मा लावून, भिंतीला हात धरत जिना चढून आल्या होत्या. सेफ्टी ऑफिसरने त्यांना कळवलं होतं. त्या आपल्या खुर्चीवर बसल्या. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"परवानगी कोणाची होती?"

"चार नंबरने बदललं, बाई. पाच नंबरने पास केलं."

"ते काम करणारे झाले. मी परवानगी विचारते."

केतनभाई दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"माझी," मी म्हणालो.

बाईंनी चाचपडत वही उघडली आणि माझ्यासमोर सरकवली. त्यांना त्या दिवशी नीट दिसत नव्हतं, तरी कोरं पान बरोबर सापडलं. मी तीनही रकाने भरले. अक्षर वेडंवाकडं आलं. 'न वाचता' हे दोन शब्द मी आपण होऊन पुढे जोडले. मग बाई उठल्या. "चल. ज्याच्या जिवावर बेतलं त्याला सांगून येऊ."

त्यांचा हात धरून मी त्यांना कारखान्यात नेलं. रामसजीवन कँटीनच्या मागे बसून भाकरी खात होता. माझ्याहून लहान असेल. मी त्याला सगळं सांगितलं. कुठलं बटण दाबलं तेही. तो ऐकत राहिला आणि मग उलट मलाच धीर द्यायला लागला. "कुछ हुआ तो नहीं ना, साहब. आप काहे परेशान होते हो." मला रडू आलं. मी चाळीस वर्षांचा माणूस, कँटीनच्या मागे उभा राहून रडलो. बाईंनी रामसजीवनला विचारलं, "बिल्ला अपने हात से लटकाया था?" "हाँ जी." "शाब्बास," बाई म्हणाल्या, आणि पिशवीतून केळं काढून त्याच्या हातावर ठेवलं.

आम्ही लेखी दिलं. कारखान्याने आमचं सॉफ्टवेअर तीन महिने बंद ठेवलं आणि शेजारच्या एका कारखान्याचं येऊ घातलेलं कामही गेलं. केतनभाई माझ्याशी महिनाभर कामापुरतं बोलले. माझी खुर्ची मात्र राहिली. का राहिली ते मी विचारलं नाही. ते बटण मी पुन्हा दाबलेलं नाही. फळी त्या कारखान्यात अजून आहे; महिन्याच्या मुदतीचा विषय कुणी काढत नाही.

पुढे बाईंना जिना चढवेना. आधी दम लागायचा, मग पाय सुजायला लागले. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. त्या केळव्यालाच राहिल्या, पण काम काही सोडलं नाही. रोज संध्याकाळी सहाला फोन यायचा. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "आत कोण हाय?" मी पट्टीकडे बघून सांगायचो, "दोन नंबर आहे बाई, साठ्याचं काम चाललंय. बाकी चौघे बाहेर." त्या विचारायच्या, "वाचलंस?" मी हो म्हटलं की "बरं" म्हणून फोन ठेवायच्या. सुरुवातीला मला ते ओझं वाटायचं. मग सहा वाजायच्या आधीच मी चकत्या तपासायला लागलो.

गेल्या माघात बाई गेल्या. सकाळी फाटकापाशीच खुर्चीवर बसलेल्या होत्या, असं त्यांच्या मुलीने सांगितलं. रविवार होता. मी केळव्याला पोचलो तेव्हा फाटकाशी समुद्रावर गेलेल्या कुणा पाहुण्यांच्या चपलांचे पाच जोड होते. त्यांना काय घडलंय हे माहीत नसावं. घरात इतकी माणसं, इतकं रडणं, आणि मी आपला फाटकापाशी उभा, पाचही जोड जाईपर्यंत.

त्यांचा शेवटचा फोन आला तो आदल्या शुक्रवारी. कारखान्याचं एक काम अंगावर होतं, म्हणून मी एकटाच थांबलो होतो. सहा वाजले. आवाज फार खोल गेला होता, शब्दागणिक श्वास लागत होता.

"आत कोण हाय?"

"कोणी नाही, बाई. पाचही बाहेर. चकत्या उतरवल्या."

नेहमीचं "बरं" आलं नाही. मला वाटलं, फोन कट झाला.

"तू कुठं हायस?"

"ऑफिसात."

"मग आत कोणी नाय असं कसं सांगतोस?"

मी खुर्चीवरून उठलो.

"निघ तू," त्या म्हणाल्या. "मी फोन धरून हाय."

मी मशीन बंद केलं, दिवे मालवले, कुलूप लावलं. फोन कानाला धरूनच जिना उतरलो. हार्डवेअरवाला शटर ओढत होता, रस्त्यावर टेम्पोंची रांग लागली होती. पलीकडून बाईंचा श्वास ऐकू येत होता.

"आलो, बाई. बाहेर आलो."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि मग फोन ठेवला.